झिप उघडताना ‘फाइलचं नाव अवैध’ असं येतं आणि काही फाइलींना नावच नाही. आतले कागद गेले का?

तुम्ही लिहिलंय की ग्वाल्हेरच्या मामेभावाने आजोबांच्या कागदांचे स्कॅन झिप करून पाठवले. विंडोजवर एक्सट्रॅक्ट करताना ‘नाव अवैध’ म्हणून काम मध्येच थांबतं, यादीत नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात आणि दोन-तीन ओळी तर कोऱ्याच आहेत. आधी जीव भांड्यात पडू द्या. कागद बहुतेक शाबूत आहेत. फक्त ती मूळ झिप पुसू नका. तिची एक प्रत वेगळी ठेवा आणि जे काही करायचं ते दुसऱ्या प्रतीवर करा.

मी बडोद्याला दांडिया बाजारात डीटीपी आणि स्कॅनिंगचं काम करतो. मराठी आणि गुजराती नावांच्या झिपा रोज हाताखालून जातात, त्यामुळे हा प्रकार चांगला ओळखीचा आहे.

झिपमध्ये प्रत्येक फाइलच्या आधी 30 बाइटांचा ठरलेला मथळा असतो, त्याला लागून नाव, आणि मग दाबलेला मजकूर. तेच नाव झिपच्या शेवटी असलेल्या अनुक्रमणिकेत पुन्हा लिहिलेलं असतं. सीआरसीची, म्हणजे फाइल बिघडली का हे आकड्यावरून पाहण्याची, जी तपासणी होते ती फक्त मजकुराची, नावाची नाही. म्हणून नावाचं काहीही झालं तरी मजकूर जसाच्या तसा राहू शकतो. उलट बाजूने पाहिलं, तर नाव बिघडलंय हे सॉफ्टवेअरला त्या तपासणीतून कळतच नाही.

चिन्हांची गोष्ट अशी. फिल कॅट्झ यांनी 1989 मध्ये झिप आणलं तेव्हा नावं आयबीएम पीसीच्या कोडपेज 437 मध्ये, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर हे ठरवणाऱ्या जुन्या तक्त्याप्रमाणे, लिहायची पद्धत होती, आणि त्यात देवनागरीला जागाच नव्हती. नाव यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या नव्या पद्धतीत, आहे असं सांगणारी खूण, म्हणजे मथळ्यातला 11 क्रमांकाचा बिट, 2006 मध्ये ठरली. कित्येक प्रोग्राम नाव यूटीएफ-8 मध्ये लिहितात, पण हा बिट लावत नाहीत. मग उघडणारा ते नाव 437 समजून वाचतो.

हे तुम्हाला डोळ्यांनी ओळखता येईल. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं असतं आणि पहिला बाइट नेहमी एकच. 437 मध्ये तो ग्रीक अल्फा म्हणून दिसतो. त्याच्या मागे डोक्यावर नागमोडी रेघ असलेला रोमन एन येतो, कधी लहान, कधी मोठा. गुजराती नाव असेल तर अल्फाच्या मागे अर्ध्याचा अपूर्णांक किंवा काटकोनात वळलेली छोटी रेघ येते. बिघडलेली यादी पाहून आतलं नाव मराठी की गुजराती हे मी आता न उघडता सांगतो. अशा ओळी दिसल्या तर आनंद माना, कारण नाव आत पूर्ण आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचलं जातंय. झिप उघडणाऱ्या विनरार या प्रोग्राममध्ये ऑप्शन्स मेनूत नेम एन्कोडिंग आहे, तिथे यूटीएफ-8 निवडा. त्याच कामाचा सेव्हन-झिप कमांड लाइनवरून चालवत असाल तर एमसीपी या स्विचला 65001 हा आकडा द्या.

पण यादीत नुसती प्रश्नचिन्हं असतील तर नाव झिप बनवतानाच गेलं. इथे मी एकदा पुरता फसलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका मंडळाच्या जुन्या वहीची 212 पानं आली होती. नावं ‘पान १’ पासून ‘पान २१२’ पर्यंत, आकडेही देवनागरी. बनवणाऱ्या जुन्या प्रोग्रामने प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह केलं. विंडोजवर प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून एक्सट्रॅक्ट करणाऱ्या प्रोग्रामने त्याची अंडरस्कोअर केली. ‘फाइल आधीच आहे, बदलू का?’ असं विचारलं गेलं आणि मी घाईत ‘सगळ्यांना हो’ दाबलं. फोल्डरमध्ये उरल्या तीन फाइली! एक-अंकी सगळ्या पानांचं नाव एकच झालं होतं, दोन-अंकी पानांचं एक, तीन-अंकी पानांचं एक, आणि प्रत्येक पुढचं पान मागच्यावर बसत गेलं. पोटात गोळा आला होता. मूळ झिप होती म्हणून निभावलं. पुन्हा काढताना ‘ऑटो रिनेम’ निवडलं, 212 च्या 212 आल्या, आणि झिपमधला क्रम तोच असल्यामुळे पानंही ओळीने लागली. तुम्हीही काही करण्याआधी यादीतल्या फाइलींची संख्या लिहून ठेवा आणि बाहेर आलेल्या मोजा.

‘अवैध’चं कारण पुष्कळदा साधंच असतं. नावात कोलन, प्रश्नचिन्ह, तारका, अवतरणचिन्ह किंवा उभी रेघ असली तर विंडोज ते घेत नाही. भावाकडे मॅक असेल आणि त्याने तारीख 15/8/2019 अशी लिहिली असेल, तर मॅक ती तिरकी रेघ आतून कोलन म्हणून ठेवतो आणि विंडोज तिथेच अडतं. सेव्हन-झिपमध्ये ती ओळ निवडून एफ-टू दाबा, झिपच्या आतच नाव बदलता येतं. ‘ऑक्स’, ‘कॉन’, ‘नल’ ही रोमन नावं डॉसच्या काळापासून राखीव आहेत. आमच्याकडे गरब्याच्या रेकॉर्डिंगला कुणी ना कुणी ‘ऑक्स’ नाव देतोच. लिनक्स आणि अँड्रॉइडवर नावाची मर्यादा साधारण 255 बाइटांची, म्हणजे देवनागरीत काना-मात्रा धरून 85 चिन्हं. लग्नपत्रिकेसारखी लांबलचक नावं तिथे अडकतात.

राहिल्या कोऱ्या ओळी. झिपच्या नियमांतच आहे की डेटा फाइलमधून न येता दुसऱ्या प्रोग्रामकडून थेट आला असेल तर नावाची जागा रिकामी राहू शकते. जीझिप आणि एक्सझेड या झिपसारख्याच दुसऱ्या प्रकारांपैकी जीझिपमध्ये नाव ऐच्छिकच आहे, एक्सझेडमध्ये ते नसतंच, म्हणून तिथे बाहेरच्या फाइलचं नाव घेतात. चांगला प्रोग्राम अशा फाइलला पदरचं नाव देऊन बाहेर काढतो. नावाअभावी फाइल टाकून देणारा प्रोग्राम मी मशीनवर ठेवत नाही, कारण नाव पुन्हा देता येतं, कागद पुन्हा आणता येत नाही. बाहेर आलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून सुरुवात बघा. टक्क्याच्या चिन्हामागे पीडीएफ ही रोमन अक्षरं असतील तर ती पीडीएफ, ‘पीके’ असेल तर वर्ड किंवा आणखी एक झिप. ‘पीके’ म्हणजे फिल कॅट्झ यांचीच आद्याक्षरं. त्याप्रमाणे एक्सटेंशन लावा आणि उघडा.

मामेभावाला आजच फोन करून सांगा की मूळ स्कॅनचं फोल्डर इतक्यात पुसू नको. आणि तुमच्या यादीत अल्फाच्या मागे काय दिसतंय ते इथे लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.