माइनक्राफ्टमध्ये ट्रिपवायरचा सापळ्याशिवाय आणखी काय उपयोग होतो?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सर्व्हरवर ट्रिपवायर म्हणजे टीएनटीचा सापळा एवढंच समीकरण झालंय, ती बंद करायचं घाटतंय, आणि दुसरे कल्पक उपयोग असतील तर हवेत. (ट्रिपवायर म्हणजे दोन हुकांमध्ये ताणलेला दोरा, पाय लागला की सिग्नल देणारा; टीएनटी म्हणजे स्फोटकाचा ब्लॉक.) उपयोग सांगते, पण बंदी घालू नका. आमच्याकडे घातली होती, आणि त्या तीन आठवड्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

2020 च्या टाळेबंदीत आम्ही सहा भावंडांनी माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ब्लॉक रचून बांधायच्या या खेळात, एक जग सुरू केलं. दोघं सांगलीत, तिघं पुण्यात आणि मावसबहीण, म्हणजे आमची ताई, टोरांटोला. आजोळच्या वाड्यासारखा वाडा बांधला. मधे चौक, चारी बाजूंनी ओसरी, खाली तळघर आणि पुढे पाच ब्लॉक रुंदीचा दरवाजा. ताई तिच्या सकाळी, कामाला बसण्याआधी यायची, तेव्हा आमची संध्याकाळ असायची. आली की चॅटमध्ये नाव दिसतं, हे मलाही माहीत आहे. पण ती यायची आणि घोड्यावरून दूर कुठेतरी भटकायला जायची. घरी कधी परतली ते चॅट सांगत नाही. आम्ही तळघरात खणत असायचो आणि ती चौकात येऊन, वाट बघून निघून गेलेली असायची.

म्हणून मी दरवाजात दोरा बांधला. दोन्ही खांबांना आतल्या बाजूने एकेक कोनाडा ठेवला, कोनाड्यांच्या आत समोरासमोर हुक लावले आणि मधून स्ट्रिंग, म्हणजे खेळातला दोरा, ओढली. येणाऱ्याला हुक दिसत नाहीत, दोरा तर दगडी फरशीवर शोधूनही सापडत नाही. हुकमागच्या ब्लॉकपासून रेडस्टोन, म्हणजे सिग्नल वाहून नेणारी भुकटी, खाली नेला आणि शेवटी नोट ब्लॉक, म्हणजे सूर वाजवणारा ब्लॉक, ठेवला. नोट ब्लॉकच्या खाली सोन्याचा ब्लॉक असला की आवाज घंटेचा येतो, आणि तो 48 ब्लॉकपर्यंत ऐकू जातो. मागच्या दाराला तसाच दुसरा दोरा लावला, पण सूर बदलला. नोट ब्लॉकला क्लिक करत गेलं की सूर अर्ध्या अर्ध्या पट्टीने चढतो, एकूण 25 सूर मिळतात. ताई नेहमी मागच्या दाराने यायची, कारण तबेला तिकडे होता. वरचा सूर वाजला की आम्ही सगळे खणणं टाकून वर धावायचो.

यावर आमचा दादा, म्हणजे आतेभाऊ, म्हणाला, "घंटाच वाजवायची तर प्रेशर प्लेट टाक ना. दोरा असतो जंगल टेंपलमध्ये. पाय पडला की बाण सुटला पाहिजे, नाहीतर दोरा कशाला?" सर्व्हर त्याच्या खर्चाने चालायचा, त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा. जंगल टेंपल म्हणजे खेळातलं बाणांचे सापळे लावलेलं देऊळ. पण दादाचं मत साफ चुकीचं आहे. प्लेट म्हणजे पाय पडला की सिग्नल देणारी पाटी. तिला खाली ब्लॉक लागतो, ती दिसते, आणि पाच ब्लॉकच्या दाराला पाच प्लेटा लागतात. दोरा अधांतरी बसतो. घोट्याच्या उंचीवर लावा, डोक्याच्या उंचीवर लावा, पाण्यावर लावा, दरीवर लावा. दोन हुकांमध्ये तब्बल 40 ब्लॉक दोरा चालतो, आणि त्यावर कुठेही पाय पडला तरी दोन्ही टोकांना पूर्ण 15 ताकदीचा सिग्नल मिळतो. साधी रेडस्टोनची रेघ 15 ब्लॉकनंतर मरते. शिवाय एक लोखंडी कांब, एक काठी आणि एक फळी यांत दोन हुक होतात. म्हणजे पूर्ण जोडी एका कांबेत.

दादाने मग पैज लावली, घंटा न वाजवता आत येऊन दाखवतो म्हणून. आधी हाताने दोरा तोडला. वाजली. हाताने तोडला की सिग्नल जातोच. दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन आला. कात्रीने कापलेला दोरा मुका राहतो, हा खेळाचा नियमच आहे. आत येऊन त्याने चॅटमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं, "झालं तुझं दोरापुराण?"

त्या रात्री मी दाराची फरशी उकरली. दोऱ्याच्या पाचही ब्लॉकच्या बरोबर खाली पाच ऑब्झर्व्हर बसवले, तोंडं वर दोऱ्याकडे. ऑब्झर्व्हरचा रंग दगडासारखाच असतो, त्यामुळे फरशीत मिसळून गेला. समोरचा ब्लॉक जरा जरी बदलला तरी ऑब्झर्व्हर सिग्नल देतो, आणि दोरा नाहीसा होणं हा बदलच आहे. दादा आला, कात्री लावली, आणि घंटा वाजली. सहाही जण हजर होते. त्या दिवसाचा मला आजही अभिमान वाटतो. दादाच्या मते ही लबाडी होती, कारण वाजवलं ऑब्झर्व्हरने, दोऱ्याने नव्हे. ऑब्झर्व्हर पाहत कशाकडे होता, एवढंच मी विचारलं. त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मग घोड्याचं प्रकरण झालं. धाकटा भाऊ तळघरातले हिरे उचलतो असा दादाला संशय होता. त्याने तळघराच्या वाटेवर दोरा लावला, फरशीखाली टीएनटी पुरलं आणि कुणालाही सांगितलं नाही. ताई भटकून आली ती घोड्यावर बसूनच तळघराकडे निघाली. घोडा मेला, ताई मेली, जवळचं सामान स्फोटात गेलं. तो घोडा तिने किती घोडे माणसाळवून, पळवून, पारखून निवडला होता ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. ती काही बोलली नाही, सर्व्हरवरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. ट्रिपवायर बंद, पाच विरुद्ध एक. टीएनटी मात्र चालू, कारण दादाला खाणीत लागायचं. बंदीच्या बाजूने दादाचंही मत होतं. ज्याने टीएनटी पुरलं त्यानेच दोऱ्याला दोषी ठरवलं, आणि दोन्ही दारांच्या घंटा मला माझ्या हाताने काढाव्या लागल्या. मी तेव्हा कंठशोष करून सांगत होते की दोरा फक्त चाहूल देतो. चाहूल लागल्यावर घंटा वाजवायची, दिवा लावायचा की माणूस उडवायचा, हे पलीकडे काय जोडलंय त्यावर आहे. कुणी ऐकलं नाही. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी ताई वाड्यात येऊन बराच वेळ थांबली, आम्ही खाली खणतच होतो. शेवटी तिने चॅटमध्ये लिहिलं, "घंटा परत लावा. मी आलेली कुणाला कळत नाही." त्याच रात्री बंदी उठली. दादा मात्र अजूनही म्हणतो की प्लेटने भागलं असतं.

आता तुम्ही विचारलेले उपयोग. लांब ओसरीत प्रत्येक ओळीला एक दोरा आणि त्यावर रेडस्टोन लॅम्प लावला, तर माणूस चालेल तसे दिवे पुढे लागत जातात आणि मागचे विझत जातात. दरीच्या पलीकडचं दार उघडायचं असेल तर दरीवर दोरा ताणा आणि अलीकडच्या टोकावर एखादी वस्तू टाका. दोऱ्याला वस्तूही चालते. हुकशिवाय नुसती स्ट्रिंग आणि बाजूला ऑब्झर्व्हर ठेवूनही पडणारी वस्तू टिपता येते. बागेत वेली हव्या तेवढ्याच लोंबत्या ठेवायच्या तर टोकाखाली स्ट्रिंग लावा, वेल पुढे वाढत नाही. बांबूच्या डोक्यावर लावली तर तोही थांबतो. स्ट्रिंगवर गालिचा बसतो, त्यातून अधांतरी छत किंवा मांडव करता येतो. हे सगळं मी करून पाहिलंय, आणि यातलं काहीही टीएनटीपेक्षा जास्त डोकं मागतं. दोऱ्याला टीएनटी जोडणं याला मी रेडस्टोन म्हणत नाही.

हे सगळं माइनक्राफ्टच्या जावा एडिशन या आवृत्तीचं आहे, बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीवर आधी एका कोपऱ्यात करून बघा. दोऱ्याला माणूस, कोंबडी आणि झॉम्बी यांतला फरक कळत नाही, त्यामुळे दाराशी कुंपण आणि उजेड ठेवा, नाहीतर रात्रभर घंटा वाजेल. दबकत चाललं तरी दोरा चुकत नाही. पाय निघाल्यावर साधारण अर्ध्या सेकंदात सिग्नल बंद होतो, दार जास्त वेळ उघडं हवं असेल तर सिग्नल लांबवणारी जोडणी करा. आणि हो, बिनासांगितलेला सापळा कुणाचा तरी महिन्याचा खेळ मातीत घालतो, ही तुमच्या लोकांची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. म्हणून मतदान घ्यायचंच असेल तर ते टीएनटीवर घ्या, आणि ज्याने पुरलं असेल त्याला त्या वेळी मत देऊ देऊ नका.