हा विषय वर्गात काढू की नको?

शाळांमध्ये समुपदेशन करताना इतिहासाच्या शिक्षकांकडून एक प्रश्न वरचेवर येतो: पाश्चात्त्य देश आणि इस्लाम हा विषय निघाला की वर्ग तापतो, मग तो टाळलेलाच बरा ना?

कोल्हापुरातले एक सर हीच काळजी घेऊन आले. गाझाच्या बातम्या बघून नववीतल्या एकाने विचारलं होतं, "सर, हे पहिल्यापासनं असंच भांडतात काय?" मागून कुणीतरी ओरडलं, "तिला विचारा की!" वर्गात ती एकटीच मुस्लिम. तिने मान खाली घातली, सरांनी पुस्तक मिटलं. "मॅडम, उद्या पालक आले तर?"

मला पालकांपेक्षा त्या मुलीची काळजी वाटली. शेकडो वर्षांपूर्वीच्या लढायांचा जाब या पोरीने का द्यावा? सरांना म्हटलं, पुढच्या तासाला आधी हेच ठणकावून सांगा की या वर्गात कुणीही आपल्या धर्माचा वकील नाही. तिच्याशी बाहेर बोला, पण तिचं मत विचारू नका. त्या दिवशी तुला कसं वाटलं, एवढंच विचारा.

विषय मात्र गाळू नका. शाळेने गाळलं की पोरं ते मोबाईलवर शिकतात. दोन पैलवान आखाड्यात उतरवल्यासारखे 'पश्चिम' आणि 'इस्लाम' समोरासमोर उभे केले, की मुलं लगेच बाजू घेतात. त्याऐवजी दरवेळी विचारा: कोण, कधी, कशासाठी? १०९९ मध्ये क्रूसेडवाल्यांनी, म्हणजे जेरुसलेम जिंकायला निघालेल्या युरोपातल्या ख्रिस्ती सैन्याने, तिथे कत्तल केली, ती लपवू नका. १२०४ मध्ये क्रूसेडवाल्यांनीच ख्रिस्ती कॉन्स्टॅन्टिनोपल लुटलं, तेही सांगा. १२२९ मध्ये ख्रिस्ती सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि इजिप्तचा सुलतान अल-कामिल यांनी लढाई न करता जेरुसलेमचा तह केला. सोळाव्या शतकात फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस ऑटोमन (तुर्की) सुलतान सुलेमानशी हातमिळवणी करून युरोपातल्याच हॅब्सबर्ग या ख्रिस्ती राजघराण्याविरुद्ध उभा राहिला. इब्न सीना या मुस्लिम विद्वानाचा वैद्यकग्रंथ युरोपातल्या विद्यापीठांत कित्येक शतकं शिकवला जात होता. आणि गाझाबद्दल विचारलंच आहे, तर ऑटोमन साम्राज्याचा अरब मुलूख आपसात वाटून घेण्याचा १९१६ चा ब्रिटन-फ्रान्सचा गुप्त सायक्स-पिको करार आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या 'राष्ट्रीय घरा'ला ब्रिटनचा पाठिंबा देणारा १९१७ चा बाल्फोर जाहीरनामा यांना वेळ द्या. आजच्या संतापाची मुळं मला क्रूसेडपेक्षा तिथे जास्त दिसतात.

पालकांसाठी डायरीत धड्याची दोन ओळींची माहिती आधीच पाठवा, म्हटलं. सरांनी पाठवली.

मागून ओरडलेल्या त्याच मुलाने नंतर विचारलं, "सर, सुलतानाशी दोस्ती केली म्हणून त्या राजाला पोप काय बोलला नाही?" सर आता त्याचं उत्तर शोधताहेत. मुलगी अजून तासाला गप्पच असते. तिला बोलतं करायची घाई नको, असं मी सरांना सांगितलंय.