इलिओस्टॉमीची बॅग असताना पोहायला जाता येईल का?

तुम्ही लिहिलंय: वय 31, अल्सरेटिव्ह कोलायटिसपायी (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा आजार) मोठं आतडं काढावं लागलं, इलिओस्टॉमी होऊन, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर आणून तिथे मलासाठी बॅग लावून, पाच महिने झाले. आजारी पडायच्या आधी रोज सकाळी पोहायला जात होता. सर्जन म्हणतात खुशाल जा, सासूबाई म्हणतात आता तो नाद सोड, आणि तुमच्या स्वतःच्या मनात एकच भीती आहे की भर तलावात बॅग सुटली तर? शिवाय बाकी व्यायामाचंही विचारलंय.

हो, पोहता येतं. मी पोहते, आठवड्यातून चार दिवस, महिलांच्या सकाळच्या बॅचला. 2017 साली माझं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, शौचाचा नेहमीचा मार्ग कायमचा बंद केला आणि पोटाच्या डाव्या बाजूला कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर) आली. म्हणजे माझी पिशवी आयुष्यभराची. तुमची बहुधा उजवीकडे असेल आणि तुमचं आउटपुट, म्हणजे बॅगेत येणारा मल, माझ्यापेक्षा पातळ, त्यामुळे माझं सगळंच तुम्हाला लागू होणार नाही. जिथे फरक आहे तिथे तसं सांगते.

तलावाचं पाणी स्टोमातून, म्हणजे पोटावरच्या आतड्याच्या तोंडातून, पोटात शिरत नाही. आतड्याचं काम आतलं बाहेर ढकलायचं आहे, ते पाणी आत ओढत नाही. बॅग बदलायच्या दिवशी मी पिशवी काढूनच अंघोळ करते, साधं पाणी स्टोमावरून वाहून जातं. क्लोरीनने किंवा समुद्राच्या खाऱ्या पाण्यानेही त्याला काही होत नाही. मात्र स्टोमाला दुखणं कळत नाही, हे लक्षात असू द्या. कपड्याच्या शिवणीने तो घासला गेला तरी तुम्हाला जाणवणार नाही, म्हणून पोहून आल्यावर डोळ्यांनी बघायचं. गालाच्या आतल्या बाजूसारखा लालसर आणि ओलसर असला की ठीक. काळपट, जांभळा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

आता बॅग सुटण्याचं. माझी सुटली होती, अगदी पहिल्याच दिवशी, म्हणून ते सविस्तर सांगते.

ऑपरेशननंतर पोटाची जखम दीड महिन्यात भरली, पण मागची, शौचाच्या जागेची जखम भरायला पाच महिने गेले, कारण ऑपरेशनच्या आधी तिथे रेडिएशन झालं होतं. तोवर पाण्यात उतरायचा प्रश्नच नव्हता. उघडी जखम घेऊन तलावात जायचं नाही, हे तुम्हालाही लागू आहे. टाक्यांच्या जागी अजून ओल असेल तर आणखी थांबा. माझ्या सर्जननी जखम पाहून परवानगी दिली त्या दिवशी मी घरी येऊन जुना कॉश्च्यूम शोधून काढला. मी खेड्यातली. वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलं, तेव्हा मी सात वर्षांची होते. पाणी हा माझा जीव की प्राण. त्या घाईतच चूक झाली.

सकाळी उठले, नवी प्लेट (बॅग धरून ठेवणारी, कातडीला चिकटणारी चकती) लावली, आणि नेहमीच्या सवयीने अंगाला खोबरेल तेल चोळलं. क्लोरीनने कातडी कोरडी पडते म्हणून आमच्याकडे सगळ्याच बायका तेल लावून पाण्यात उतरतात. आदल्या रात्रीही मी पोटाला तेल लावलं होतं, व्रणाची कातडी ओढल्यासारखी वाटायची म्हणून. वीस मिनिटांत तलावावर. चौथ्या फेरीला कमरेच्या डाव्या बाजूला चुरचुरायला लागलं. हात लावून पाहिलं तर प्लेटची खालची कड दोन बोटं उचललेली. शिडीने बाहेर आले, टॉवेल गुंडाळला, बाथरूममध्ये गेले. काहीही बाहेर आलेलं नव्हतं. पाणी घाण झालं नव्हतं, कुणाला काही कळलंही नव्हतं. तरी मी तिथे बसून खूप रडले आणि पुढचे तीन आठवडे तलावाचं तोंड पाहिलं नाही.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की बॅगचा काही दोष नव्हता. तेलकट कातडीवर प्लेट बसतच नाही, आणि तिच्यातला गम शरीराच्या उबेने हळूहळू घट्ट धरतो, त्याला मी वेळच दिला नव्हता. आता प्लेट आदल्या दिवशी लावते, निदान दोन-तीन तास तरी आधी. लावायच्या आधी त्या जागेला तेल, क्रीम, मॉइश्चरायझर असलेला साबण, काही नाही. साधं कोमट पाणी, मऊ फडक्याने कोरडं करायचं, प्लेट लावल्यावर तळहात पाच मिनिटं वर दाबून धरायचा, म्हणजे उबेने ती बसते. तेल लावायचंच तर हातापायांना, आणि प्लेट बसून बराच वेळ झाल्यावर. प्लेटच्या कडेला लावायच्या अर्धचंद्राकृती पट्ट्या मिळतात, त्या पोहायच्या दिवशी लावल्या की कड उचलत नाही. त्या रोज लागत नाहीत, म्हणून खर्चही आवाक्यात राहतो.

एक दिलासा त्या दिवसाने मला दिला. नीट लावलेली प्लेट एकदम गळून पडत नाही. आधी कड पांढुरकी होते, फुगते, मऊ पडते, मग चुरचुरते. बाहेर यायला वेळ मिळतो. पाण्यात मी अधूनमधून कडेवरून एक बोट फिरवते, चष्मा वर सरकवावा इतक्या सहज.

बॅगला हवा जाण्यासाठी बारीक छिद्राचा कोळशाचा फिल्टर असेल तर पाण्यात जायच्या आधी त्यावर पाकिटातला छोटा गोल स्टिकर लावा. फिल्टर भिजला की तो काम करत नाही, मग गॅस साठून बॅग फुग्यासारखी होते. बाहेर आल्यावर स्टिकर काढायचा. आणि बॅगची कापडी बाजू टॉवेलने टिपून कोरडी करा, नाहीतर तासन्‌तास ओलं कापड पोटाला लागून बारीक पुरळ येतं. मला आलं होतं.

वेळेचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांभाळावं लागेल. मी एक दिवसाआड सकाळी कोमट पाण्याने इरिगेशन करते, म्हणजे स्टोमातून पाणी सोडून आतडं धुऊन घेते, त्यामुळे पुढचा दिवसभर बॅगेत फारसं काही येत नाही. हे डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीसाठी आहे, तेही डॉक्टरांनी शिकवल्यावर. इलिओस्टॉमीला हे करायचं नाही. तुमचं आतडं थोडंथोडं सारखं चालू राहणार. पण त्यालाही शांत वेळ असते, आणि बहुतेकांची ती पहाटे, काही खाण्याआधी असते. म्हणजे तुमची जुनी सकाळची बॅच हीच योग्य. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं घ्या, कोबी, वाटाणे, उसळी दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, आणि पाण्यात उतरायच्या अगदी आधी बॅग रिकामी करा. एरवीही बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, वजनानेच प्लेट खाली ओढली जाते.

मिठाचं विसरू नका. मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषून घेतं, आणि तुमच्याकडे आता ते नाही. पाण्यात असताना घाम येतो तो कळत नाही. घरी येऊन नुसतं पाणी घटाघट प्यायलात तर तहान भागत नाही, उलट आउटपुट वाढून मीठ आणखी वाहून जातं. ओआरएसचं पाकीट जवळ ठेवा. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. भाताची मीठ घातलेली पेजही उत्तम. चक्कर येणं, पायात गोळे, लघवी गडद पिवळी, यांपैकी काही दिसलं तर त्या दिवशी पोहणं बंद.

आता कपडे आणि लोक. मी गडद रंगाचा, फुलाफुलांचा, झालर असलेला फुल कॉश्च्यूम घालते, आणि आत उंच कमरेची घट्ट लायक्राची चड्डी. बॅग रिकामी असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. एकरंगी फिकट कापड ओलं झालं की आकार दिसतो, ते टाळा. कॉश्च्यूम घरूनच पंजाबी ड्रेसच्या आत घालून जाते, त्यामुळे चेंजिंग रूममध्ये कपडे काढायचा प्रसंग फक्त येताना, आणि तेव्हा मी दार असलेली बाथरूम रिकामी व्हायची वाट बघते.

एका तलावावर मला परत पाठवलं होतं. फॉर्मवर मी ऑपरेशनचं खरं लिहिलं, आणि काउंटरवरच्या माणसाने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "म्हणजे घाण पाण्यात येणार ना?" मी काही न बोलता निघून आले. तो अपमान अजून आठवतो. पुढच्या आठवड्यात सर्जनकडून चार ओळींचं पत्र घेतलं, की हा संसर्गजन्य आजार नाही, बॅग बंदिस्त असते, यांना पोहायला हरकत नाही. दुसऱ्या तलावावर तेच पत्र फिटनेस सर्टिफिकेटला जोडून दिलं आणि कुणी एक शब्द विचारला नाही. तुम्हीही आधीच घेऊन ठेवा. तलावाचं पाणी स्वच्छ राहावं ही काळजी आपलीही आहे, म्हणून जुलाबासारखं आउटपुट असेल त्या दिवशी मी स्वतःहून जात नाही. जुलाब होणाऱ्या कुणीच जाऊ नये, बॅग असो वा नसो.

तुमच्या सासूबाईंना एक गोष्ट जरूर सांगा. चिकटणारी बॅग येण्याआधी लोक कापडाच्या घड्या, रबरी पट्टे, काचेची किंवा धातूची भांडी पोटाला बांधून दिवस काढत. 1954 मध्ये डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेनसेन नावाच्या नर्सच्या बहिणीचं, थोराचं, असंच ऑपरेशन झालं. गळेल, वास येईल या धास्तीने थोरा घराबाहेर पडेना. बहिणीची ती अवस्था पाहून एलिसेला कातडीला चिकटणारी, वापरून टाकून देता येईल अशी पिशवी सुचली. आगे लुईस-हान्सेन नावाच्या प्लास्टिक उत्पादकाकडून ती बनवून घेताना त्याच्या बायकोने, जी स्वतः नर्स होती, त्याला तयार केलं. म्हणजे ही वस्तू मुळात एका बाईला घराबाहेर पडता यावं म्हणून जन्माला आली. मला हे कळलं त्या दिवसापासून मी पिशवीकडे वेगळ्या नजरेने पाहते. ती लावून घरात बसायचं हे मला पटत नाही.

आणि तुमच्याच आजाराचा रॉल्फ बेनिर्शके, अमेरिकन फुटबॉलमध्ये सॅन डिएगो चार्जर्सकडून खेळणारा किकर. 1979 मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी त्याची ऑपरेशनं झाली, पोटावर बॅग आली, आणि 1980 च्या हंगामात तो पुन्हा मैदानात उतरला, पुढची कित्येक वर्षं खेळला. त्या खेळात माणसं अंगावर धावून येतात. तलावात आपल्या अंगावर कोण येणार?

बाकी व्यायामाचं विचारलंत. चालणं पहिल्या दिवसापासून चांगलं, मला हॉस्पिटलमध्येच चालायला लावलं होतं. पण जपायचं आहे ते हर्नियाला. स्टोमासाठी पोटाच्या स्नायूत वाट केलेली असते, आणि जोर आला की तिथून आतडं बाहेर फुगू शकतं. मला पहिले तीन महिने भरलेली कळशी, सिलिंडर, नातवंड काहीही उचलायला मनाई होती. खोकताना, शिंकताना आजही हाताने स्टोमाची बाजू दाबून धरते. कपालभाती आणि नौकासन मी सोडून दिलं. सूर्यनमस्कार करते, सावकाश, पोट हलकं ओढून घेऊन, भुजंगासनात फार मागे न जाता. ज्यांना वजनं उचलायची असतील त्यांनी स्टोमाचा सपोर्ट बेल्ट डॉक्टरांकडून मापाने घ्यावा आणि शून्यापासून सुरुवात करावी. स्टोमाभोवती फुगवटा दिसला तर व्यायाम थांबवून दाखवून या. आणि बॅगेत काही तास काहीच येत नाहीये, पोटात कळा येताहेत, उलट्या होताहेत, असं झालं तर घरी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

पोहण्यात हर्नियाचा धोका त्यामानाने कमी, कारण पाणी आपलं वजन उचलतं. फक्त सुरुवातीला सूर मारू नका. उंचावरून पोटावर आपटलं की कड उचलते. मी विहिरीत काठावरून उडी मारणारी मुलगी, तरी आता शिडीनेच उतरते. पहिले काही दिवस पाठीवर तरंगणं आणि सावकाश ब्रेस्टस्ट्रोक, वीस मिनिटांत बाहेर. नदीत मात्र अजून जाऊ नका. माझं लहानपणीचं कृष्णेचं पाणी आता राहिलं नाही.

तलावावर जायच्या आधी घरी एक चाचणी घ्या. प्लेट बदलायच्या आदल्या दिवशी घ्या, म्हणजे सुटली तरी नवी प्लेट वाया गेली असं होत नाही. टब असेल तर टबात, नाहीतर लहान मुलांचा फुगवायचा तलाव मिळतो त्यात, कोमट पाणी कमरेच्या वर येईल इतकं घेऊन अर्धा तास बसा. हलवा, वळा, पाय मारा. बाहेर येऊन आरशात चारही बाजूंनी कड बघा. जिथे पांढुरकी झाली असेल तिथेच पुढच्या वेळी पट्टी लावायची. कड कुठे सुटली ते इथे लिहा, खालून की घडीच्या बाजूने, त्यावरून पट्टी कशी लावायची ते मी सांगेन.