वाचकांचे प्रश्न : दारावरचा विक्रेता आणि आपला नकार

प्रश्न : मी बराच वेळ घरी एकटी असते, त्यामुळे दारावर काही ना काही विकायला येणाऱ्यांशी बोलणे माझ्याच वाट्याला येते. कुणाच्या तोंडावर दार लावणे मला जमत नाही, म्हणून मी काहीतरी सबब सांगते. पण प्रत्येक सबबीवर त्यांच्याकडे उत्तर तयार असते आणि शेवटी नको असलेली वस्तू घरात येते. उद्धटपणा न करता यातून कसे सुटावे?

उत्तर : आपली अडचण स्वभावाच्या मऊपणात कमी आणि त्या सबबीत अधिक आहे. सबब सांगितली की विक्रेत्याच्या दृष्टीने नकार संपतो आणि घासाघीस सुरू होते. ‘आत्ता पैसे नाहीत’ म्हटले, तर हप्त्यांची सोय असते. ‘घरातल्यांना विचारावे लागेल’ म्हटले, तर ते घरी असतील तेव्हा पुन्हा येता येते. ‘आमच्याकडे आहे’ म्हटले, तर जुने देऊन नवे घेण्याची योजना लगेच पुढे येते. ही उत्तरे त्याला ऐन वेळी सुचलेली नसतात. ग्राहक कोणकोणत्या हरकती घेतात आणि प्रत्येकीवर काय बोलायचे, हे विक्रीच्या प्रशिक्षणात त्याच्याकडून घोटून घेतलेले असते, तेव्हा या वादात आपली सरशी होण्याची शक्यता फार थोडी. त्यापेक्षा ‘आम्हाला नको आहे, धन्यवाद’ एवढेच, कोणतेही कारण न जोडता सांगावे. त्याने आग्रह केलाच तर तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणावे आणि दार लावून घ्यावे. ‘पण का नको?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचे कोणतेही बंधन आपल्यावर नसते.

हे वाक्य अगदी सुरुवातीलाच म्हटले जायला हवे, कारण ‘मला काही विकायचे नाही, फक्त दोन प्रश्न विचारतो’ अशी सुरुवात मुद्दाम केलेली असते. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील एकात कॅलिफोर्नियातील गृहिणींना दूरध्वनीवरून एक मोठी विनंती करण्यात आली : पाच-सहा माणसे घरी येतील आणि दोन तास कपाटे उघडून घरातील वस्तूंची नोंद करतील. ही विनंती थेट केली तेव्हा सुमारे २२ टक्के गृहिणींनी होकार दिला. मात्र ज्यांनी काही दिवस आधी त्याच लोकांच्या काही किरकोळ प्रश्नांची उत्तरे दिली होती, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणी तयार झाल्या. छोट्या होकारानंतर मोठा नकार देणे जड जाते, हे दारोदार फिरणाऱ्यांना अनुभवाने केव्हाच कळलेले असते. मोफत नमुना हातात ठेवणे किंवा प्रारंभी फार महाग वस्तू दाखवून मग ‘निदान ही लहान तरी घ्या’ म्हणणे, हीही त्याच घराण्यातली युक्ती आहे. दुसरी वस्तू स्वस्त असते असे नाही, ती पहिलीच्या शेजारी स्वस्त दिसते.

राहिला उद्धटपणाचा प्रश्न. पुष्कळ विक्रेत्यांची कमाई विक्रीवरच्या टक्केवारीवर अवलंबून असते, आणि जिथे काही विकले जाणार नाही तिथे वीस मिनिटे घालवण्यात त्यांचेच नुकसान असते. अर्धवट होकार देत त्यांना ताटकळत ठेवण्यापेक्षा तत्काळ दिलेला शांत नकार अधिक सभ्य आहे, असे माझे मत आहे. घरात कुणी नसल्याचे सोंग मात्र करू नये. घर रिकामे आहे की नाही हे पाहण्यासाठी बेल वाजवणारेही असतात. दाराची साखळी न काढता आतूनच उत्तर द्यावे. ‘प्यायला पाणी मिळेल का’ अशी विनंती झाली, तर पाणी अवश्य द्यावे, पण ते आणायला आत जाताना दार बंद करून जावे.

प्रश्न : जलशुद्धीकरण यंत्र विकणाऱ्या एका गृहस्थाने आमच्या नळाच्या पाण्याची ‘मोफत तपासणी’ करून दाखवली. पाण्यात विजेच्या कांड्या बुडवताच ते पाणी तांबूस गढूळ झाले, तर त्याच्या यंत्रातले पाणी जवळजवळ तसेच राहिले. आमचे पाणी खरोखर इतके वाईट आहे का?

उत्तर : या प्रयोगावरून तसे मुळीच म्हणता येत नाही. त्या उपकरणातील कांड्यांपैकी काही लोखंडाच्या आणि काही अॅल्युमिनियमच्या असतात. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरेंचे क्षार विरघळलेले असल्यामुळे त्यातून वीज सहज वाहते, लोखंडाची कांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आपण पाहिलेला गाळ पाण्यात आधी नव्हता. तो कांडीतून आला. यंत्रातील पाण्याचे बहुतेक क्षार काढून टाकलेले असल्याने त्यातून वीज जेमतेम वाहते आणि रंग फारसा बदलत नाही. त्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकून हाच प्रयोग करायला सांगावे. तेही तसेच तांबूस होईल.

पेनासारखे छोटे यंत्र पाण्यात बुडवून आकडा दाखवण्याची पद्धतही आहे. तो आकडा खोटा नसतो, पण त्यावरून केवळ विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो. रोगजंतूंविषयी त्यातून काहीही कळत नाही. पाण्याविषयी खरोखर शंका असेल, तर नमुना स्वतः प्रयोगशाळेत द्यावा. जो विकतो, त्यानेच केलेल्या तपासणीवर निर्णय घेऊ नये, मग ती पाण्याची असो, गादीतल्या धुळीची असो वा गळक्या छपराची.

प्रश्न : दारावर ‘विक्रेत्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावल्याने काही उपयोग होतो का?

उत्तर : काही प्रमाणात होतो. अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या ग्रीन रिव्हर या गावात रात्रपाळी करून दिवसा झोपणारे रेल्वे कामगार बरेच होते. तेथे १९३१ साली निमंत्रणाशिवाय घरोघरी विक्री करण्यावर बंदी घालण्यात आली आणि पुढे अशा कायद्यांना त्या गावाचेच नाव पडले. बहुतेक ठिकाणी पाटीमागे एवढे बळ नसते, तरी नकाराचे पहिले वाक्य आपल्याऐवजी ती म्हणते, आणि उरलेल्यांना पाटीकडे केवळ बोट दाखवता येते.

प्रश्न : माझी वृद्ध आई एकटी राहते. घरी आलेल्या एकाने तिच्याकडून एका वर्षाच्या सेवा-करारावर सही घेतली आणि आगाऊ रक्कमही घेतली. आता काय करता येईल?

उत्तर : सर्वप्रथम करारावरील तारीख पाहा, कारण येथे दिवसांना महत्त्व आहे. घरी येऊन केलेल्या विक्रीत ग्राहकावर दडपण असते हे ओळखून अनेक देशांनी कारण न देता करार मोडण्याची मुदत ठेवली आहे. युरोपीय संघात ती साधारणपणे १४ दिवसांची आहे, तर अमेरिकेतील संघीय नियमानुसार बहुतेक घरगुती विक्रीसाठी कामकाजाचे तीन दिवस मिळतात. भारतात डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीसंबंधी नियम आले असून, विक्रेत्यांच्या जाळ्यामार्फत माल विकणाऱ्या कंपन्यांच्या प्रतिनिधीने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. आपल्या करारातही रद्द करण्याचे कलम असू शकते. ते बहुधा मागच्या पानावर, बारीक अक्षरांत सापडेल.

रद्द करण्याची सूचना लेखीच द्यावी, तिची प्रत आणि पाठवल्याचा पुरावा जपून ठेवावा. फोनवर ‘होईल, काळजी करू नका’ असे आश्वासन मिळाले तरी त्यावर विसंबू नये, कारण मुदत संपेपर्यंत गोड बोलत राहणे हाही एक प्रकार असतो. पैसे कार्डाने किंवा धनादेशाने दिले असतील, तर बँकेला त्याच दिवशी कळवावे.

आईंना मात्र रागावू नये. रागावल्यास पुढच्या वेळी अशी गोष्ट त्या आपल्यापासून लपवतील, आणि लपवण्यात नेमके मुदतीचे दिवस निघून जातात. ‘मी दारावर काहीही घेत नाही आणि कशावरही सही करत नाही’ हा त्यांचा स्वतःचा नियम होऊ द्यावा. ‘माझ्या मुलाला विचारते’ असे म्हणायला त्यांना शिकवू नये. त्यावर विक्रेता मुलाचा फोन क्रमांक मागतो आणि मुलगा घरी नसतो ही माहितीही त्याला आयतीच मिळते.