पॉडकास्टच्या ऑडिओ फाइल्स कुठे ठेवाव्यात? गूगल ड्राइव्ह चालेल का?

ड्राइव्ह नको. दर आठवड्याला अर्धा तास कथावाचन, श्रोते सध्या शे-दोनशे, खर्च जमल्यास शून्य, आणि सगळ्या फाइल्स आधीच ड्राइव्हवर, असं तुम्ही लिहिलंय. त्या तिथे राहू द्यात, पण बॅकअप म्हणून.

ड्राइव्हची शेअर लिंक फाइल देत नाही, फाइल दाखवणारं पान देते. त्यातून थेट डाउनलोडची लिंक काढायच्या युक्त्या आहेत, काही दिवस त्या चालतातही. पण एकाच फाइलवर थोड्या वेळात गर्दी झाली की ड्राइव्ह कोटा संपल्याचं सांगून मोकळा होतो. पॉडकास्टवर तर अशीच गर्दी होते: नवा भाग आला की सगळ्यांची अ‍ॅप्स तो साधारण एकाच सुमारास उतरवून घेतात. फाइल मोठी असेल तर वर ‘व्हायरस तपासता आला नाही’ हे पान मध्ये येतं. माणूस बटण दाबून पुढे जाईल, अ‍ॅप काय करणार?

फीड म्हणजे तुमच्या भागांची यादी, अ‍ॅप्स ती वाचून नवे भाग शोधतात. त्यात एनक्लोजर (ऑडिओ फाइलची लिंक) म्हणून दिलेला पत्ता उघडला की लॉगिनशिवाय, एचटीटीपीएसवरून थेट एमपी३ आली पाहिजे. शिवाय फाइलचा मधलाच तुकडा मागितला तर तेवढाच मिळाला पाहिजे. याला बाइट-रेंज म्हणतात आणि अ‍ॅपल पॉडकास्ट्सची ती अट आहे. असा तुकडा मागितल्यावर सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक २०६ आला की समजायचं जमलं, २०० आला तर तो अख्खी फाइल पाठवतोय. हे तपासणं जमत नसेल तर लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो (खासगी) खिडकीत उघडा आणि भाग एकदम विसाव्या मिनिटावर नेऊन बघा. लगेच वाजला तर बहुतेक ठीक आहे.

आता जागा किती लागेल? नुसतं वाचन असेल तर ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो पुरतं. अर्ध्या तासाला साधारण १४ एमबी, म्हणजे वर्षाचे ५२ भाग पाऊण जीबीत बसतात. पाचशे जणांनी एक भाग उतरवला तर ७ जीबी. त्यामुळे साठवणुकीचे दर बघत बसू नका, ट्रॅफिकचे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या डेटाचे, बघा. अ‍ॅमेझॉन एस३ या साठवणुकीच्या सेवेवर फाइल्स ठेवणं स्वस्त आहे, पण महिन्याला १०० जीबीच्या पुढे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे पैसे लागतात. त्याच प्रकारचं क्लाउडफ्लेअर आर२ बाहेर जाणाऱ्या जीबीचे पैसेच घेत नाही आणि १० जीबी जागा फुकट देतं. मात्र कार्ड नोंदवावं लागतं आणि स्वतःचं डोमेन जोडावं लागतं. त्यांचा आयता पत्ता फक्त चाचणीपुरता आहे, त्याच्यावर वेगमर्यादा असते.

यातलं काहीच करायचं नसेल तर इंटरनेट आर्काइव्ह. फुकट, थेट लिंक, खरोखर टिकाऊ वृत्तीची संस्था. ऑक्टोबर २०२४ च्या सायबरहल्ल्यात मात्र ती काही दिवस बंद होती, तेव्हा तिच्यावर ठेवलेले पॉडकास्टही अडकले. स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स ही स्पॉटिफायची पॉडकास्ट ठेवायची सेवाही फुकट आहे. तिथे आरएसएस (म्हणजे वर सांगितलेला) फीड सुरू आहे ना, हे सेटिंग्जमध्ये आधी बघा, नाहीतर तुमचा कार्यक्रम फक्त स्पॉटिफायपुरता राहील. बझस्प्राउट, लिबसिन वगैरे सशुल्क सेवा चांगल्या आहेत, पण तुमच्या आकड्यांना मला गरज दिसत नाही. ऐकणाऱ्यांचा अंदाज हवा असेल तर ओपी३ ही फुकट सेवा आहे, तिचा पत्ता फाइलच्या पत्त्याआधी जोडायचा की झालं. आकडे जाहीर राहतात, हे चालत असेल तर.

माझ्या मते खरा निर्णय फाइल्सचा नाहीच, फीडच्या पत्त्याचा आहे. फाइल्स उद्या हलवल्या तर फीडमधल्या लिंका बदलायच्या, श्रोत्याला कळतही नाही. फीडचाच पत्ता दुसऱ्याच्या डोमेनवर असेल तर हलताना त्यांच्या मर्जीवर राहावं लागतं. अँकर ही पॉडकास्ट सेवा २०१९ मध्ये स्पॉटिफायने घेतली, मग तिचं नाव दोनदा बदललं (तीच आता स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स). सुदैवाने जुने फीड चालू राहिले, पण प्रत्येक कंपनी तेवढी नीट वागेलच असं नाही. म्हणून एक डोमेन घ्या (मला तरी हा एकच खर्च अटळ वाटतो) आणि फीड त्याच्यावर ठेवा. साइट वर्डप्रेसवर असेल तर पॉवरप्रेस किंवा सीरियसली सिंपल पॉडकास्टिंग हे प्लगइन फीड बनवून देतं. फाइल्स मात्र साइट ज्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइट्समध्ये वाटलेल्या सर्व्हरवर) असते तिथे टाकू नका. त्यांच्या ‘अनलिमिटेड’चा अर्थ नियमावलीत वाचा, मग कळेल.

आधीच कुठे फीड नोंदवला असेल तर जुन्या पत्त्यावरून ३०१ रीडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे कायमचं वळवणं) लावा आणि किमान चार आठवडे काढू नका. भागांचे जीयूआयडी (फीडमधली प्रत्येक भागाची ओळखखूण) जसेच्या तसे ठेवा, नाहीतर काही अ‍ॅप्स सगळे जुने भाग नवे म्हणून पुन्हा दाखवतील.

दुसऱ्याच्या कथा वाचत असाल तर लेखी परवानगी घ्या. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि तक्रार आली की कुठलाही होस्ट (फाइल्स ठेवणारी सेवा) फाइल काढतो. आणि फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. देवनागरी नाव पत्त्यात गेलं की टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ होते आणि काही अ‍ॅप्स तिथे अडखळतात. भागाचं शीर्षक अर्थातच मराठीत ठेवा, त्याला काही होत नाही.