कानूचे गोल मोजत बसलास तर कानू कळणार नाही

प्रश्न असाय की "नायजेरियाचा न्वानक्वो कानू ओव्हररेटेड होता का? आर्सेनलमध्ये अर्धा वेळ बेंचवर, गोल पण फार नाहीत, मग लोक त्याला एवढं डोक्यावर का घेतात?"

भावा, आधी तुझ्या बाजूचं जेवढं खरं आहे तेवढं मान्य करून टाकतो. इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला जवळपास दोनशे मॅच, गोल 44. त्याच टीममधला स्ट्रायकर थिएरी ऑन्री 228 करून गेला. नायजेरियाकडून आफ्रिका कप कधी जिंकला नाही, उलट 2000 साली फायनल लागोसला म्हणजे घरच्याच ग्राउंडवर होती, कॅमेरूनविरुद्ध टायब्रेकर झाला आणि ज्या दोघांच्या पेनल्टी गेल्या त्यात एक हा. आणि 2004 ला वेस्ट ब्रॉमकडून मिडल्सब्रोविरुद्ध शेवटच्या मिनिटांत बरोबरी करायची होती, गोलरेषा पायाखाली, पोस्ट रिकामी, नुसता पाय लावायचा तर ह्यानं तो बॉल वरून घालवला. अजून पण "सगळ्यात वाईट मिस" असले व्हिडिओ लावले की त्यात कानू असतोच. तर तुझं अगदीच चुकलंय असं नाही.

पण तू ज्या हिशोबानं बघतोयस त्यात एक गोष्ट येतच नाही, ती म्हणजे ह्या माणसाचं करियर विसाव्या वर्षी संपलं होतं. कागदावर संपलं होतं. नंतरचं जे काही आहे ते सगळं वरकड.

मी कोल्हापूरचा, मामाचं घर मंगळवार पेठेत, त्यामुळं आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय ते सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅच असल्या की मामा दुकान अर्ध्या दिवसात बंद करायचा. पुढं तालमींच्या टीममध्ये नायजेरियन पोरं खेळायला यायला लागली तेव्हा मामाचं ठरलेलं, कुठलाही उंच पोरगा दिसला की "ह्यो आपला कानू". ती पोरं पण हसायची, नाव ऐकलं की चेहरा खुलायचा. (नावावरून आठवलं, इग्बो लोकांचा आठवडा चार दिवसांचा असतो, एके, ओरिये, आफो, न्क्वो, प्रत्येक दिवस बाजाराचा, आणि न्क्वोच्या दिवशी जन्मला म्हणून न्वानक्वो. हे मी मामाला सांगितलं तर म्हणतो त्यात काय, आमच्या पेठा पण वारावरच हायत की.)

तर 1 ऑगस्ट 1976 चा जन्म, गाव ओवेरी. तिथल्याच इवुआन्यान्वू नॅशनाले क्लबला खेळला, त्या क्लबचं आताचं नाव हार्टलँड, आणि पुढं ह्याचं हार्टच आडवं आलं, म्हणजे योगायोग बघ. 1993 ला जपानमध्ये सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप नायजेरियानं जिंकला त्यात हा होता आणि तिथून थेट हॉलंडचा आयाक्स क्लब. कोच व्हॅन गालच्या हाताखालची ती टीम म्हणजे बहुतेक सगळी कोवळी पोरं, सीडॉर्फ, डाविड्स, क्लायव्हर्ट, आणि नायजेरियाचाच फिनिडी जॉर्ज. 1995 ला व्हिएन्नात चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर मिलान, उत्तरार्धात सीडॉर्फला काढून कानूला आत घातलं, मग क्लायव्हर्टला आणलं आणि क्लायव्हर्टनं 85 व्या मिनिटाला मारला तो एकच गोल. दोघंही अठरा वर्षांचे. आपण अठराव्या वर्षी बारावीचे क्लास लावत होतो.

मग 1996 चं अटलांटा ऑलिम्पिक. आपल्याला ते पेसच्या ब्राँझमुळं आठवतं पण फुटबॉलवाल्यांना सेमीफायनल आठवते. समोर ब्राझील, म्हणजे रोनाल्डो, बेबेतो, रिवाल्डो, रोबेर्टो कार्लोस. नायजेरिया 3-1 नं मागं आणि ओकोचाची पेनल्टी पण वाया गेलेली. 78 व्या मिनिटाला इक्पेबानं एक फेडला. शेवटच्या मिनिटाला लांब थ्रो आला, बॉक्समध्ये गर्दी, कानूची पाठ गोलकडं, बॉल पायापाशी, आणि ह्यानं गडबडीत लाथ न घालता बुटाच्या टोकानं बॉल हळूच उचलला आणि वळून ब्राझीलचा गोली दीदाच्या पुढनं आत टाकला. एवढ्या लांब पायाच्या माणसानं (साडेसहा फुटाला जरा कमी, बूट पंधरा नंबरचा) अडीच फूट जागेत हे करायचं म्हणजे काय. मग जादा वेळेत चौथ्या मिनिटाला गोल्डन गोल (म्हणजे जो आधी मारेल तो जिंकला, मॅच तिथंच संपली), तो पण ह्याचाच, 4-3. तारीख 31 जुलै, दुसऱ्या दिवशी विसावा वाढदिवस. फायनलला अर्जेंटिनाला 3-2 नं हरवलं, आफ्रिकेच्या फुटबॉलला ऑलिम्पिकचं पहिलं गोल्ड, आणि कॅप्टन हाच.

त्याच उन्हाळ्यात इंटर मिलाननं घेतला होता. तिथं मेडिकल झाली आणि हृदयाच्या महाधमनीच्या व्हॉल्व्हमध्ये दोष निघाला. हा व्हॉल्व्ह म्हणजे हृदयातनं सगळ्या अंगाला रक्त जातं त्या वाटेवरचं दार, ते नीट मिटलं नाही की ढकललेलं रक्त परत आत येतं आणि हृदयाला तेच काम दोनदा करावं लागतं. नुसतं बसून असणाऱ्याला कितीतरी वर्षं कळत पण नाही, मग नव्वद मिनिटं पळणाऱ्याचं काय होत असेल विचार कर. निदान आलं की खेळणं बंद. क्लबनं मात्र सोडलं नाही, नोव्हेंबर 1996 ला अमेरिकेत क्लीव्हलंडला ऑपरेशन झालं.

हे मला नीट कळलं ते मामामुळं. 2007 ला मामाचा हाच व्हॉल्व्ह बदलला. छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि तारेनं परत बांधतात. खोकला आला की उशी छातीशी धरून बसायचा, हाड जुळेपर्यंत पाण्याची बादली उचलायला बंदी, सायकलचं नाव काढायचं नाही. आमच्या घरचा धिप्पाड माणूस आंब्याची पेटी उचलायची म्हटली की माझ्याकडं बघायचा, आणि बघताना ओशाळायचा. आणि कानू असलं ऑपरेशन करून 1997 ला परत मैदानात आणि 98 ला फ्रान्सच्या वर्ल्डकपला. मामाला यांत्रिक व्हॉल्व्ह बसवला होता, रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, असल्या माणसाला डिफेंडरच्या कोपराचा धक्का म्हणजे भलतंच काम, तेव्हा सगळ्यांची केस सारखी नसते हे पण सांगून ठेवतो, नायतर कोणीतरी वाचून पळायला जाईल.

इंटरला पुढं काय जमलं नाही. अटलांटात ज्याच्या तोंडचा घास काढला तो रोनाल्डोच 97 ला तिथं आला, मग ह्याला कोण खेळवणार, लीगमध्ये एक गोल आणि बाकी बेंच. 1999 च्या सुरुवातीला आर्सेनलचा कोच वेंगर ह्याला तिकडं घेऊन गेला. पहिल्याच मॅचला लफडं. शेफिल्ड युनायटेडविरुद्ध एफए कप, त्यांचा एक जण पडला म्हणून त्यांच्या गोलीनं बॉल बाहेर मारला, आर्सेनलचा पार्लर थ्रो-इनवर बॉल रीतीप्रमाणं परत त्यांनाच देत होता आणि हा मध्येच पळत गेला, बॉल घेतला, आपल्याच टीमच्या ओव्हरमार्सला दिला, गोल! नवीन माणूस, कोणी थांबतंय म्हणून ह्याच्या लक्षातच आलं नसावं असं मी तरी मानतो. वेंगरनं स्वतः मॅच परत खेळू म्हणून सांगितलं आणि परत खेळली पण.

आणि आता तो चेल्सीचा दिवस, 23 ऑक्टोबर 1999, स्टॅमफर्ड ब्रिज, धो धो पाऊस, चेल्सी 2-0 पुढं, पंधरा मिनिटं राहिलेली. कानू 75, कानू 83. तिसरा तू आत्ता उघडून बघ, नुसता गोल नको, गोलच्या आधीचे पाच-सहा सेकंद बघ. चेल्सीच्या फेरेरनं मारलेला बॉल ह्यानं अंगावर घेतला, डावीकडं पार कडेला गेला, गोली डी खूए घर सोडून तिथपर्यंत आला, त्याला लांब पाय टाकून चुकवलं. आता हा जवळजवळ रेषेवर, अँगल नाहीच, आत डेसाई आणि लबफ, म्हणजे वर्ल्डकप जिंकलेले दोघं गोलरेषेवर उभे. सगळ्यांना वाटतंय हा पास देणार. ह्यानं मान वर केली, क्षणभर थांबला, आणि त्या दोघांच्या डोक्यावरनं लांबच्या कोपऱ्यात. 3-2. त्या क्षणभर थांबण्याचे पैसे आहेत भावा, ते गोलच्या रकान्यात दिसत नाहीत. तो स्ट्रायकर नव्हताच मुळी खरं तर, स्ट्रायकरच्या जागेवर उभा केलेला दहा नंबर, म्हणजे मागं राहून खेळ रचणारा होता, हे माझं मत.

बाकी मग आर्सेनलला दोन लीग, त्यातली एक 2003-04 ची न हरलेली, हो, तेव्हा बहुतेक बेंचवरच, मान्य. वेस्ट ब्रॉमला दोन वर्षं. मग पोर्ट्समथ, आणि तिथं 2008 चा एफए कप. सेमीफायनलला एकच गोल, कानूचा, आणि तो पण जुन्या वेस्ट ब्रॉमविरुद्धच. फायनल कार्डिफबरोबर वेम्ब्लीला, आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात. मामाच्या ऑपरेशनला वर्ष पण झालं नव्हतं. लाईट गेली म्हणून इन्व्हर्टरवर टीव्ही, पंखा बंद, त्यामुळं खोलीत मामाच्या व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येत होती, घड्याळासारखी, आम्हाला सवय झालेली. 37 व्या मिनिटाला उटाकानं (हा पण नायजेरियन) उजवीकडनं बॉल घातला, गोलीच्या हातनं सुटला, समोर कानू. 1-0, तेवढाच गोल, कप पोर्ट्समथला.

मामा ओरडला नाही, ओरडलं की टाके ओढल्यासारखं व्हायचं म्हणून तोपर्यंत सवयच गेली होती. शर्टाच्या वरच्या बटणापाशी हात नेला आणि म्हणाला, "ह्याच्या पण हितंच असंल न्हवं रं?"