संग्रहालयासाठी मोठी देणगी आणि मृत्युपत्रातील दान : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : नाशिकमध्ये आमच्या संस्थेचे एक छोटे वस्तुसंग्रहालय आहे. तांब्या-पितळेची जुनी भांडी, हस्तलिखित पोथ्या, पगड्या, येवल्याची वस्त्रे असा संग्रह मागच्या पिढीने जमवला. आता बंदिस्त कपाटे, पोथ्यांचे जतन आणि एक पगारी अभिरक्षक (क्युरेटर) यांसाठी मोठा निधी उभारण्याचे काम विश्वस्त मंडळाने माझ्याकडे सोपवले आहे. आजवर आम्ही पावतीपुस्तक घेऊन ओळखीच्यांकडे जात आलो, पण पाचशे-हजारांपलीकडे कोणी जात नाही. मोठ्या देणगीदाराकडे कसे जावे?
— एक विश्वस्त, पंचवटी

उत्तर : पावतीपुस्तक पाहिले की माणूस गणेशोत्सवाच्या वर्गणीप्रमाणे खिशात हात घालतो आणि हाताला लागेल ते देतो, यात त्याची कंजुषी नसते. मोठी देणगी साठवणीतून द्यायची असते. तिच्याविषयी घरात बोलणे होते, सनदी लेखापालाचा सल्ला घेतला जातो, आणि या विचाराला काही महिने सहज लागतात. म्हणून मागणीच्या आधी परिचय वाढवण्याचे काम येते, आणि त्यासाठी मंडळाने आपल्याला पुरेसा अवधी दिला पाहिजे.

यादी करताना शहरातील धनिकांची नावे लिहून काढण्याचा मोह होतो. त्यांच्या दारी रोज कोणती ना कोणती संस्था उभी असते. त्यापेक्षा आपली अभिप्रायवही आणि जुन्या पावत्यांची स्थळप्रत काढून बसावे. दरवर्षी न चुकता थोडी रक्कम पाठवणारे निवृत्त शिक्षक, बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला आवर्जून संग्रहालय दाखवायला आणणारे गृहस्थ, ज्यांच्या आजोबांनी दिलेला हंडा आपल्या दालनात आहे ते कुटुंब, ही खरी यादी होय. या प्रत्येकाशी कोण बोलणार, हेही नावापुढे लिहावे.

त्यानंतर, आणि हे बोलायला अवघड वाटले तरी टाळू नये, विश्वस्तांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे स्वतःची देणगी आधी जमा करावी. ‘आपण सगळ्यांनी किती दिले?’ हा प्रश्न मोठा देणगीदार विचारतोच. तोंडाने नाही विचारला तरी मनात असतोच. एक कोटी रुपये हवे असतील तर शंभर जण प्रत्येकी एक लाख देतील, असे गणित कागदावरच जुळते. प्रत्यक्षात पंधरा-वीस लाखांची एखादी पहिली देणगी आली की तिच्या आधाराने पाच लाखांच्या आणि मग लाखाच्या देणग्या येतात. म्हणून पहिल्या मोठ्या देणगीचा शब्द मिळेपर्यंत जाहीर आवाहन करू नये.

भेट शक्यतो संग्रहालयातच ठरवावी आणि भाषण कमी करावे. कसर लागलेल्या पोथीचे एक पान अभिरक्षकाच्या हातून त्यांना जवळून दाखवावे : तपकिरी पडलेली कडा, अक्षरांच्या मधोमध गेलेली बारीक भोके, आणि शेजारी जतन-प्रक्रिया झालेले त्याच पोथीचे दुसरे पान. अशा किती पोथ्या राहिल्या आहेत आणि एका पोथीला किती खर्च येतो, हा हिशेब तयार असावा. मग रक्कम स्पष्ट सांगावी. ‘यथाशक्ती द्या’ म्हणणे नम्रपणाचे वाटते, परंतु त्यामुळे समोरच्या माणसाला कशाचाच अंदाज येत नाही. रक्कम सांगितल्यावर आपण बोलणे थांबवावे आणि त्यांना विचार करू द्यावा.

कपाटांसाठी पैसे देणारे भेटतात, कारण कपाट दिसते. पगारासाठी देणारे भेटत नाहीत. त्याला उपाय कायम निधीचा, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या पांडवलेण्यांतच कोरलेले आहे. दहाव्या लेण्यातील लेखानुसार क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले : २००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट होती. २००० कार्षापणांचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेण्यात वर्षावास म्हणजे पावसाळ्यातील मुक्काम करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा म्हणजे तेवढेच लागत होते. हे सर्व निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून फलकांवर नोंदले, असेही लेखात म्हटले आहे. मुद्दल सुरक्षित, व्याजाचा उपयोग नेमका ठरलेला आणि नोंद सर्वांसमोर, या तीन गोष्टी दाखवता आल्या तर अभिरक्षकाच्या पगारासाठीही दाता मिळतो, असे माझे ठाम मत आहे.

देणगी कायम निधीसाठी आहे असे दात्याकडून लेखी घ्यावे आणि ती रक्कम आयकर कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीत वेगळी ठेवावी. सातपूर-अंबडच्या कंपन्यांकडे जाताना मात्र कपाटे आणि जतन यांचेच प्रस्ताव न्यावेत. वारसा आणि कला यांचे संरक्षण कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात येते, परंतु कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) पैसा संस्थेच्या कायम निधीत देता येत नाही. देणगीदाराला मिळणाऱ्या आयकरातील ८०जी सवलतीविषयीही अतिशयोक्त आश्वासन देऊ नये : २००० रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्या व्यक्तीला तर ती मुळीच मिळत नाही.

प्रश्न : आमच्या संग्रहालयाच्या एक ज्येष्ठ हितचिंतक आहेत. त्यांना मूलबाळ नाही. ‘माझ्यामागे हा बंगला आणि गावाकडचा द्राक्षबाग तुमच्या संस्थेला द्यावा असे मनात आहे,’ असे त्या दोनदा म्हणाल्या. आम्ही संकोचाने विषय बदलला. मृत्युपत्राविषयी आपणहून बोलणे लोभीपणाचे दिसेल का?
— कार्यवाह, एक सार्वजनिक न्यास, नाशिक

उत्तर : त्यांनी दोनदा विषय काढला आहे, आपण टाळलात तर संस्थेला हे दान नकोच आहे, असा समज त्या करून घेतील. त्यांना भेटून एवढेच म्हणावे, ‘बाई, आपण जे बोललात ते आम्ही विसरलेलो नाही. आपली इच्छा आहे तशी पूर्ण व्हावी यासाठी आपल्या स्वतःच्या वकिलांशी बोलून घ्यावे, असे आम्हाला वाटते.’ यातील ‘स्वतःच्या’ हा शब्द महत्त्वाचा. संस्थेचा वकील, संस्थेचा टंकलेखक, साक्षीदार म्हणून संस्थेचे पदाधिकारी, असे मृत्युपत्र उद्या भाच्या-पुतण्यांनी आव्हान दिले तर दबावाच्या आरोपाला आयतेच निमित्त देते. शक्य असेल तर त्यांनी जवळच्या नातेवाइकांना आपला निर्णय हयातीतच सांगावा. कोर्टातले बहुतेक वाद पैशापेक्षा अनपेक्षिततेतून उद्भवतात, असे मला वाटते.

मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदारांची साक्ष लागते. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी, आणि त्यांचे वय पाहता डॉक्टरांचा दाखलाही जोडावा. बँकेत संस्थेला नॉमिनी केले म्हणजे काम झाले, असे अनेकांना वाटते. नॉमिनीला रक्कम हाती मिळते, पण मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. बंगला स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित, त्यात आणखी कोणाचा हिस्सा आहे का, हे त्यांच्या वकिलांनी कागदांवरून पाहावे.

द्राक्षबागेची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या नावे करण्यावर कुळकायद्याच्या कलम ६३ चे बंधन आहे, आणि अशाच तरतुदीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मृत्युपत्राने दिलेली जमीनही त्या बंधनात येते असा निर्णय दिला. सातबारा संस्थेच्या नावे होईल असे गृहीत धरून मृत्युपत्र लिहिले, तर त्यांची इच्छा तलाठी कार्यालयातच अडकेल. त्यांनी हयातीत जमीन विकून काही रक्कम द्यावी, की दुसरी कोणती मालमत्ता संस्थेसाठी राखावी, हा निर्णय त्यांचा. मात्र ही अडचण त्यांना आजच कळली पाहिजे.

बंगला मिळाल्यावर त्याची नोंद व्हावी म्हणून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि पुढे तो विकायचा झाल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ‘बंगल्यात संग्रहालयच चालवावे’ अशी अट त्या घालणार असतील, तर ती आपल्याला झेपेल का हे प्रामाणिकपणे सांगावे. अट सौम्य हवी असेल तर ‘बंगल्याचा किंवा त्याच्या विक्रीच्या रकमेचा उपयोग संग्रहाच्या जतनासाठी व्हावा’ अशी शब्दरचना वकिलांना सुचवता येईल.

आणि मृत्युपत्रात नाव आले म्हणून त्यांची चौकशी थांबवू नये. वर्षातून काही वेळा फोन, नव्या दालनाला पहिले निमंत्रण, आजारपणात भेट, हे त्या काही देणार आहेत म्हणून करायचे नसते. त्या आधीपासून आपल्याच आहेत.

प्रश्न : एका देणगीदारांचे चिरंजीव अमेरिकेत आहेत आणि तेथूनच रक्कम पाठवू म्हणतात. घ्यावी का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : त्यांचे नागरिकत्व विचारावे. ते अजून भारतीय नागरिक असतील तर त्यांची देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. त्यांच्या पारपत्राची प्रत मात्र जपून ठेवावी. अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असूनही ते विदेशी स्रोत ठरतात, आणि संस्थेची एफसीआरए (विदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणी नसेल तर अशी रक्कम खात्यावर येऊच देऊ नये.

प्रश्न : एका घराण्याने जुनी लघुचित्रे देऊ केली आहेत, पण ‘कायम दालनात लावावीत’ अशी अट आहे. मोठी देणगीही त्यासोबत देणार आहेत. मान्य करावी का?
— अभिरक्षक, नाशिक

उत्तर : ही अट आहे त्या शब्दांत मान्य करू नये. कागदावरील रंग सततच्या प्रकाशाने उडतात. अशी चित्रे काही काळ लावून पुन्हा अंधारात विसावा द्यावा लागतो. हे त्यांना नीट समजावले तर बहुधा तेच अट बदलतील, कारण चित्रे टिकावीत म्हणूनच ते देत आहेत. त्याऐवजी दात्याच्या नावाची पाटी, ठराविक वर्षांनी प्रदर्शन आणि घराण्याच्या अभ्यासकांना पूर्वसूचनेने पाहण्याची मुभा, असे लिहून द्यावे. चित्रे शंभर वर्षांहून जुनी असतील तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली त्यांची नोंदणी आहे का ते पाहावे, आणि असल्यास मालकी बदलल्याचे नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे. वस्तूंच्या दानाला ८०जी लागू होत नाही, हेही आधीच सांगावे. बक्षीसपत्रासोबत प्रत्येक चित्राचे छायाचित्र, मापे आणि सध्याची स्थिती यांची यादी जोडून दोन्ही बाजूंनी प्रत्येक पानावर सह्या कराव्यात, आणि देणगीच्या रकमेचा करार त्याहून वेगळ्या कागदावर करावा.